जाळीवर झेंडू, आत भट्टी

तीन आठवडे हे लिहायचं टाळतेय. लिहायला बसलं की राग येतो, राग आला की मी उठून भटकायला जाते. आज लिहितेच.

बंगळूरच्या चामराजपेटहून तुळजापूरला निघालो: मी, चुलतभाऊ रघुअण्णा आणि बाहत्तर वर्षांची आत्या. जन्मात एकदा कुलदेवी बघायची, एवढंच तिचं मागणं. निघताना अण्णाने नव्या गाडीची पूजा केली आणि पुढच्या जाळीवर मनगटाएवढा जाड झेंडूचा हार तीन पदरी बांधला. "हा आता देवीच्या दारातच सुटणार."

चित्रदुर्गपर्यंत रस्ता झकास. तिथे हायवे सोडून गावात शिरा. चुरमुरे आणि गरम मिरची भजी, तोड नाही. मग आत्या-अण्णाला भजीच्या दुकानात बसवून मी किल्ल्यावर तासभर हुंदडले. माझी चूक, कबूल. गाडी तोवर उन्हात, काचा बंद.

परतलो तर आत भट्टी. अण्णाने तसाच एसी चारवर टाकला.

"अरे, आधी काचा खाली कर! गरम हवा जाऊ दे, मग लाव."

"स्वल्प थांब गं. नवी गाडी आहे."

तासभर कोमट वारा. पुढे रस्त्याचं काम, गाड्या मुंगीच्या पावलांनी, तेव्हा तर सरळ गरमच. आत्याचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. "मला काही नाही रे, चला," म्हणाली आणि माझ्या खांद्यावर कलंडली.

होसपेटच्या अलीकडे ढाब्याच्या सावलीत तिला झोपवलं, मानेवर ओला पंचा ठेवला. ढाबेवाला गाडीपुढे वाकला. "अण्णा, एसीची गरमी बाहेर टाकणारी जाळी ह्या हाराच्या मागेच असते. तिला वारा नको? तोंडावर उशी दाबलीय तुम्ही!"

"हात लावू नका, देवीचा हार आहे!"

मी सुरी मागितली आणि कापला. दहा मिनिटं इंजिन चालू ठेवल्यावर आत थंडगार.

आत्या उठून बसली, सरबत प्यायली, "आता चला" म्हणाली. आणि अण्णाने गाडी बंगळूरकडे वळवली! "हार तुटला. देवीची इच्छा नाही." आख्ख्या वाटेत आत्या खिडकीबाहेर बघत राहिली. अजूनही घरचे तिला एकटीला दुकानापर्यंत सोडत नाहीत.

उन्हाळ्यात जाणार असाल तर काचा उघडून निघा, गाडी गार झाली की मगच आतली हवा फिरवायचं बटण दाबा, पुढची जाळी मोकळी ठेवा. आणि म्हातारं माणूस "मला काही नाही" म्हणालं तर गाडी थांबवा.

एक मिनिट, खाली रिक्षा थांबलीय. अगं बाई, आत्या! मल्लेश्वरमला, माझ्या खोलीवर, एकटी! जिन्यातूनच ओरडतेय, "ऊठ गं, सोलापूरच्या बसची दोन तिकिटं काढलीत. खिडकीची. एसीची नाहीत!"