गाव वाळीत टाकत नाही

ठकी या नावाचा अर्थ आमच्या मराठी शाळेत कुणी विचारला असता तर आम्ही 'ठकवणारी' असा लिहिला असता आणि बाईंनी अर्धा गुण देऊन पुढं ढकललं असतं. ठकीताई कुणाला ठकवत नाही. पण तिला ठकवायला आलेला माणूस परत जाताना आपल्या चपला नीट बघून घेतो, एवढं खरं.

ती विक्रमगडच्या बाजूच्या एका वारली पाड्यावरची. घरची डोंगरउतारावरची जमीन, पाऊस देईल तेवढी नागली, म्हणजे नाचणी. पावसाळा संपला की घर बोईसरला कामाला यायचं, आणि एका वर्षी ठकीताई नि तिचा माणूस सुका परत गेलेच नाहीत. आता ती एका औषध कंपनीत पॅकिंगला आहे, तो एका कापड कंपनीत बॉयलरवर. सालवडच्या चाळीत त्यांची खोली, थोरली मुलगी दहावीत, धाकटा मोबाईलमध्ये.

त्यांचं लग्न झालेलं नाही.

हे वाक्य ऐकलं की बोईसरच्या बिल्डिंगीतल्या काकू दोन पावलं मागं सरकतात. पाड्यावर कुणी सरकत नाही. पोरगी पसंत पडली, दोन्हीकडच्यांनी मान हलवली, की ती नांदायला येते. मांडवाची, जेवणाची, पाहुण्यांची सोय होईल तेव्हा हळद. कधी कधी ती सोय होईपर्यंत पोरांना मिसरूड फुटतं. आणि लग्न लावायला भटजी नाही, धवलेरी असते. म्हणजे बाईच, गाणी म्हणत लग्न लावणारी. एक मात्र पक्कं: आईबापाला हळद लागल्याशिवाय पोराला लागत नाही.

या शेवटच्या वाक्यावर ठकीताईनं नाटक लिहिलं. 'आईच्या हळदीला या'. मुलीचं लग्न ठरतं, म्हणून आईबापाची हळद आधी उरकायची घाई होते. मांडव पडतो, धवलेरी येते, आणि आई म्हणते, थांबा. मला यानं अजून विचारलेलं नाही. वीस वर्षं त्याची चूल फुंकली, आता पोरीच्या गडबडीत मला हळद फासणार? आधी विचार, मग बघते. बाप विचारायला जातो आणि त्याला विचारताच येत नाही. नाटक एवढंच. त्यात मी मुलीचा मामा आहे. माझ्या तिसऱ्या वाक्यावर हशा येतो. तो टोपीला येतो, असं ठकीताईचं मत.

सरावलीच्या मंडळापुढं प्रयोग झाला तेव्हा भाग्येश नावाचा माणूस उभ्यानं बघत होता. मुंबईत मालिका काढणाऱ्या एका कंपनीत तो गोष्टी शोधण्याचं काम करतो. मुरब्याला समुद्र बघायला आला होता, कारण कुठल्यातरी नायिकेला कुठल्यातरी भागात रडायला किनारा हवा होता. प्रयोग संपल्यावर तो रंगपटात आला, म्हणजे मंडळाच्या भांड्यांच्या खोलीत, आणि म्हणाला की ताई, तुमच्यात मालिका आहे. ठकीताईनं तोंडावरचा रंग पुसत त्याला विचारलं, कुठल्या बाजूला?

मग सुरू झालं. आधी गोष्ट एका ओळीत मागितली. मग एका पानात. मग म्हणाले बायबल द्या. सुका हादरला, त्याला वाटलं, मालिका लिहायला धर्म बदलावा लागतो की काय. बायबल म्हणजे सगळ्या पात्रांची कुंडली आणि पुढच्या सगळ्या भागांचा नकाशा, हे भाग्येशनं फोनवर समजावलं. ती शिफ्टवरून येऊन बोलायची, मी टाईप करायचो आणि मध्ये मध्ये अनुस्वारांवरून तिच्याशी भांडायचो.

पहिलं उत्तर एका चॅनेलचं आलं. गोष्ट गोड आहे, पण लग्नाआधी मुलं? आमची प्रेक्षक त्या वेळी पोळ्या लाटत असते, तिच्या हातून लाटणं पडेल. पोरं नायिकेच्या बहिणीची दाखवता येतील का? ठकीताईनं कळवलं की नायिकेला बहीण नाही.

मग भाग्येशनं तेच पान वेबसिरीजवाल्यांकडं पाठवलं, आणि तिथं वर 'लिव्ह-इन' असा शब्द घातला. तिथल्या राजनंदिनी मॅडम खूश. आदिवासी लिव्ह-इन, इतकं बोल्ड कुणी केलंच नाही, ताबडतोब भेटायचं, लेखिका म्हणून ठकीताईचंच नाव. फक्त त्यांचं एक म्हणणं होतं. एवढं बोल्ड करूनही गाव काहीच कसं करत नाही? गावानं त्यांना वाळीत टाकायला हवं. त्याशिवाय आठ भाग उभेच राहणार नाहीत.

ठकीताईनं दोन दिवस काही उत्तर दिलं नाही. तिला ते हवं होतं. हे मी सांगतो, ती सांगणार नाही. पॅकिंगच्या बायकांना तिनं सांगून ठेवलं होतं की टीव्हीवर आपलं नाव आलं की ते वाचायला थांबायचं, मधेच चहा टाकायला उठायचं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं निरोप दिला: मला सुट्टी नाही. गोष्ट ऐकायची तर सालवडला या.

मला वाटलं, संपलं. पण ते आले. रविवारी सकाळी भाग्येश आणि राजनंदिनी मॅडम चाळीच्या बोळात लाल खुर्च्यांवर बसले. राजनंदिनी वाईट बाई नव्हती. चहा बशीत ओतून प्यायली आणि चांगला आहे म्हणाली. सुका दारात बोंबील साफ करत बसला. शेजारचे झुंबरकाका, बीडकडचे, रात्रपाळी करून आलेले, झोपायचं सोडून भिंतीला टेकले. बाकी चाळ आपापल्या कामात होती, म्हणजे कान लावून होती.

ठकीताईनं गोष्ट सांगितली. सांगितली कसली, उभी केली. बापाला विचारता येत नाही तिथं चाळ इतकी हसली की वरच्या माळ्यावरच्या बिहारी पोरांनी खाली वाकून 'क्या हुआ' विचारलं. राजनंदिनीही हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "सुंदर. आता यात गाव आणूया. एक पाटील, एक पंचायत. यांना वाळीत टाकतात."

"कोण टाकतं?"

"गाव."

"गाव कशाला टाकील? गावच तसं नांदतंय," ठकीताई म्हणाली. "पाटलाचीबी हळद बाकी हाय."

राजनंदिनी समजुतीनं म्हणाली की खरं काय ते तिला कळतंय, पण बघणाऱ्याला संघर्ष लागतो. बाईच्या विरोधात कुणीतरी उभं राहिलं पाहिजे.

"राहिलाय की. तो बघा," म्हणत ठकीताईनं सुकाकडं बोट केलं. "एवढी वर्षं झाली, एक प्रश्न विचारता येत नाय त्याला. अजून किती संघर्ष पायजे?"

सुकानं बोंबलाचं डोकं जरा जास्तच जोरात तोडलं.

तेवढ्यात झुंबरकाकांना बोलायची हुक्की आली. ते म्हणाले, आमच्या गावात हे असं कुणी केलं असतं ना, तर वाळीत काय, वेशीतच घेतलं नसतं. बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण कुणाच्या दारात बसलोय.

राजनंदिनी एकदम सरसावली. मग प्रश्नच मिटला, म्हणाली. आपण गाव बदलू. यांचं गाव घेऊ, गोष्ट तुमची, भाषाही सगळीकडं चालेल अशी. भाग्येशनं मान इतकी हलवली की खुर्ची कुरकुरली. वेबसिरीज पुन्हा जिवंत झाली होती. मी ठकीताईकडं बघत होतो. खरं सांगायचं तर मी मनात म्हणत होतो, हो म्हण बाई, गावच बदलतायत, तुझ्या गावाला तर कुणी हात लावत नाही.

ती झुंबरकाकांना म्हणाली, "काका, तुमच्या गावात बाई थांबा म्हणाली असती का? मांडवात?"

काकांनी विचार केला. "म्हणली नसती," ते म्हणाले. "म्हणू दिलं नसतं."

"मग माझी गोष्ट तिथं होईलच कशी? माझी बाई थांबा म्हणते, कारण तिला ठाऊक हाय, तिच्यामागं समदं गाव थांबनार हाय. धवलेरी गानं थांबवनार हाय. ते गावच काढलं तर ती नुसती रडनार. रडायला तुमच्याकडं मुरब्याचा समुद्र हाय." मग राजनंदिनीकडं वळून जरा मऊ आवाजात म्हणाली, "मॅडम, काकांच्या गावाची गोष्ट काकांकडून लिवून घ्या. ते लिवतील. मी माझं गाव वाईट लिवनार नाय, आनि त्याला सोडून दुसरीकडं नांदायला बी जानार नाय."

झुंबरकाका घाईघाईनं म्हणाले की आपल्याला लिहिता येत नाही, फक्त सही येते.

पाहुणे जेवून गेले. राजनंदिनीनं बोंबील दोनदा घेतले आणि जाताना कळवते म्हणाली. कळवते म्हणजे काय, हे आमच्याकडं मुलगी दाखवलेल्या घराला सांगावं लागत नाही.

तरी कळवलं. आठवड्यानं भाग्येशचा फोन आला. त्यांना कल्पना सोडवत नव्हती. गोष्ट आता दुसरे अनुभवी लेखक लिहिणार, गाव त्यांच्या सोयीचं असणार. ठकीताईनं फक्त एका कागदावर सही करून परवानगी द्यायची, आणि सुरुवातीला तिचं नाव 'विशेष आभार' मध्ये येईल. ठकीताई कंपनीच्या फाटकाशी उभी होती, डोक्यावर अजून पॅकिंगची निळी जाळी. फोन स्पीकरवर होता, मी शेजारी.

"आभार कशाचे?" ती म्हणाली. "मी तुमाला काय दिलंच नाय."

भाग्येश म्हणाला, ताई, विचार करा, अशी संधी परत येत नाही. बोईसरचं नाटक बघून बघून किती लोक बघणार?

"बसतील तेवढे. तुमीबी या. फुडच्या महिन्यात सरावलीला प्रयोग हाय. या वेळी बसून बघा, आनि कागद-पेन घरी ठेवून या."

फोन ठेवून तिनं जाळी काढली आणि मला विचारलं की तू तालमीला का आला नाहीस. पॅकिंगच्या बायका मागं घोळका करून उभ्या होत्या. नाव वाचायला थांबायचं वचन त्यांनी दिलं होतं, ते आता कुठं वापरायचं हा प्रश्न त्यांना पडला असावा. त्यांच्यातली एक म्हणाली, मग मंडळाला सांगून नाव मोठं लिहून घेऊ, रस्त्यावरून दिसेल एवढं.

"लिवा," ठकीताई म्हणाली. "आनि खाली गावाचं नाव लिवा. पाड्याचं. माझ्या नावापेक्षा मोठं."