काचेसाठी कापलेली मोटार

कोंडिबा वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हाच मला कळलं. मी फळ्यावर त्रैराशिक मांडत होते. कोंडिबा आमच्या मोटारीचा क्लीनर. एरवी मुलींच्या शाळेच्या फाटकातून आत यायलाही बिचकणारा माणूस. त्या दिवशी डोक्यावरची टोपी काढून हातात धरून तो उभा होता. मी उदाहरण पुरं मांडलं, मुलींना उत्तर काढायला सांगितलं आणि मग बाहेर आले. "बाई, दवाखान्यात चला," एवढंच तो म्हणाला. चला म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं… माझा धाकटा भाऊ दाविद गेला, त्याला आता महिना होत आला. नगर-सोनई रस्त्यावर सर्व्हिस मोटारीतून ज्यांनी प्रवास केला असेल त्यांना 'चष्मेवाला डायवर' आठवत असेल. त्याच्या हट्टाच्या गोष्टी लोक अजून हसत हसत सांगतात. सांगोत बापडे. पण त्यांना निम्मीच गोष्ट ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसले.

आईवडील लवकर गेले. मिशनच्या आवाराजवळच्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच वाढलो. मी शिकले, शिक्षिका झाले. दाविदचं पुस्तकाशी कधी जमलं नाही. त्याने एक जुनी मोटार घेतली, सुताराकडून तिच्यावर लाकडी बॉडी चढवली आणि नगर-सोनई फेऱ्या सुरू केल्या. मोटारीची पुढची काच एकदा तडकली, तेव्हा तसबिरी मढवणाऱ्याकडून साधी काच आणून बसवली. त्या काळी सगळेच तसं करत. लढाई सुरू झाली त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत मी त्याच्या शेजारी, पुढच्या सीटवर बसून सोनईला निघाले होते. इमामपूरच्या घाटात समोर बैलगाडी आली, ती चुकवताना मोटार रस्त्याकडेच्या चारीत गेली. पुढची काच फुटली, बाकी मोटारीला काही झालं नाही. मला झालं. साध्या काचेचे सुरीसारखे लांब तुकडे पडतात, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. डोळा वाचला ही देवाची दया, पण डावा गाल डोळ्यापासून हनुवटीपर्यंत उघडा पडला.

यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. बोलून का व्रण जाणार होता? माझ्या लग्नाचं बोलणं त्यानंतर कुणी काढलं नाही. त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. दाविदने स्वतःचं लग्नही 'बघू, बघू' करत टाळलं. मी रागावले की तो उठून बाहेर जायचा आणि धुतलेली मोटार पुन्हा धुवायचा.

त्या अपघातानंतर त्याने मोटारीला पुढे काचच बसवली नाही. फुटली तर टोचणार नाही अशी काच असते, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. पण लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळण्याची मारामार. मोटारी कोळशाच्या गॅसवर चाललेल्या. तिथे असली काच कुठून मिळणार? दाविद धुळीचा चष्मा लावायचा, डोक्याला मफलर गुंडाळायचा आणि रिकाम्या चौकटीतून येणारा सगळा वारा अंगावर घ्यायचा. उतारू वैतागायचे.

"आरं दाविद, काच बशीव की! समद्यांच्या तोंडात धुरळा चाललाय."

"मिळंल तवा बशीवतो."

"तसबिरीवाल्याकडं ढीग हाय की!"

"ती देवाच्या तसबिरीला बरी. मानसाच्या म्होरं न्हाई."

उतारू दुसऱ्या मोटारीकडे वळू लागले. तिला काच होती, साधीच. मीसुद्धा एकदा म्हटलं, "अरे, निदान थंडीपुरती तरी बसव." त्याने मफलरचा आणखी एक वेढा दिला आणि निघून गेला. मी त्याच्या मोटारीत बसायची, पण मागच्या बाकावर, गालावर पदर ओढून. पुढे ये म्हणायची त्याची हिंमत होत नव्हती आणि आपणहून पुढे जाऊन बसायची माझी.

लढाई संपली आणि नगरात लष्करी सामानाची विक्री निघाली. मोडक्या गाड्या, चाकं, तंबू, काय न् काय. दाविद तिथे तीर्थाला गेल्यासारखा जाऊ लागला. एक दिवस कुठल्याशा गाडीच्या दाराची जाड काच घेऊन आला. भट्टीत तापवून एकदम गार केलेली, हातोडीलाही दाद न देणारी. चौकटीपेक्षा ती जरा मोठी होती, म्हणून काच कापणाऱ्याला बोलावलं. त्याने कडेला हिऱ्याची कलम टेकवून चिमट्याने दाबलं मात्र, अख्ख्या काचेचा खडीसाखरेसारखा चुरा झाला! एकही तुकडा टोचण्याजोगा नव्हता, पण काचही उरली नव्हती. ही काच भट्टीत जायच्या आधीच कापायची असते, नंतर नाही, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. दाविद बराच वेळ ते खडे ओंजळीत घेऊन बसला होता.

पुढे त्याला दुसऱ्या जातीची काच मिळाली. दोन पातळ काचा आणि मध्ये चिकटवलेला पारदर्शक पापुद्रा. "दोन भाकरींत पिठलं असतं तशी, आक्का. फुटली तरी पिठलं सोडत न्हाई." तीही चौकटीपेक्षा मोठीच निघाली. ती जपून कापता येते, असं मला नंतर कुणीतरी सांगितलं. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. दाविदने काचेला कलम लावू दिली नाही. सुताराला बोलावून काचेच्या मापाने मोटारीचंच तोंड कापायला लावलं. मोटारीला एकदम मोठं कपाळ आलं. स्टँडवर हसून हसून लोकांची पुरेवाट झाली.

त्या रविवारी उपासनेहून आल्यावर तो दारात उभा राहिला आणि चाकाकडे बघत म्हणाला, "आक्का, आज म्होरं बस."

मी बसले. पदर गालावर ओढून घेतला. जाताना काही झालं नाही. येताना घोडेगावच्या अलीकडे समोरून ट्रक गेला आणि त्याच्या चाकाखालचा दगड उडून थेट माझ्या तोंडासमोर काचेवर आदळला. त्याच क्षणी दाविदचा डावा हात माझ्या चेहऱ्यावर आडवा आला. मोटार थांबली. काचेवर भेगांचं जाळं पसरलं होतं, पण माझ्या मांडीवर एक कणसुद्धा पडला नव्हता. दाविदने आतून काचेवर बोटं फिरवली, पुन्हा पुन्हा फिरवली. मग खाली उतरला, मैलाच्या दगडावर बसला आणि मोठ्याने रडू लागला.

"आक्का, तवा ही असती तर…"

"तेव्हा नगरात ही कुणी पाहिली होती? ऊठ, अंधार पडेल."

मला वर्गात बोलतात तसंच बोलता येतं. पण मी खाली उतरले, आणि तो लहान असताना पुसायची तसं पदराने त्याचं नाक पुसलं. घरी येईपर्यंत पदर गालावर घ्यायचा राहून गेला, तो कायमचाच.

त्यानंतर दर रविवारी मी पुढे बसायची. तो एक पावसाळा आम्ही खूप बोललो. सगळं आयुष्य बोलायचं राहिलेलं. थंडीत त्याची छाती भरली. इतकी वर्षं अंगावर घेतलेल्या वाऱ्याने ती आधीच खिळखिळी झाली होती. तसं खात्रीने सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला सांगता येतं.

कोंडिबाला दुसऱ्या मोटारीवर काम मिळालं. आमची मोटार अंगणात उभी आहे. शाळेतून आले की मी तिच्यात डाव्या बाजूला जाऊन बसते. घरात बसवत नाही. परवा पाहिलं तर काचेतला पापुद्रा भेगांच्या कडेने पिवळा पडू लागला आहे. दाविद सांगायचा, असल्या काचेला ऊन सोसत नाही, तिला सावलीत ठेवावं. निंबाची सावली चार हातांवर आहे. काल पाठीमागून दोन्ही हातांनी जोर लावून पाहिला, मोटार जागची हलली नाही. शेजारी चांगले आहेत, एक हाक मारली की धावून येतील. हाक मारायला तोंड उघडते, पण दाविदशिवाय दुसरं नाव येत नाही.