कडेची पात

आभार मानणं हे आपल्याकडे माइकवाल्याचं काम, तेही सगळे उठायच्या बेतात असताना. घरोघरी कोणी आभार मानत नाही, डबा भरून देतात. म्हणून चकलांब्याच्या अंगणवाडीतली मदतनीस वनमाला धपाटे बांधून उमापूरला बिभीषण गुरुजींकडे गेली.

गुरुजींनी लहानपणाच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं होतं. त्यांचे आईबाप ऊसतोडीला जायचे, आणि त्याच टोळीत वनमालाची आई होती, चंद्रभागाबाई. ती उसाच्या फडात साप चावून गेली तेव्हा वनमाला नुकती पाऊल टाकायला लागली होती. आईचा फोटो नाही, आठवण नाही. मावशीनं, मुक्ताबाईनं तिला वाढवलं. पण बहिणीविषयी ती चकार शब्द काढत नसे. पुस्तकात मात्र अर्धं पान होतं. चंद्रभागाबाई डावखुरी होती. तिचा कोयता शेजारच्याला लागू नये म्हणून मुकादम तिला कायम बांधाकडची, कडेची पात, म्हणजे उसाची शेवटची ओळ, तोडायला लावायचा. भाकरीसुद्धा ती डाव्या हातानंच वाढायची.

वनमालानं ते वाचलं आणि काहीच झालं नाही. डोळ्यांतून टिपूस नाही. बाई दगडाची म्हणावी, तर अंगणवाडीतलं पोर ठेचकाळलं तरी हिचा जीव खालीवर होतो. आई सापडली तरी रडू येत नाही, याची तिला लाज वाटत होती.

“गुरुजी, तुमी माजी आई लिवली. लई बरं केलं,” एवढंच तिला बोलता आलं. ती ताटलीत धपाटे काढू लागली.

गुरुजी तिच्या हाताकडे बघत होते. “उजव्या हातानं वाढतीस? टोळीत होतीस तेव्हा तू तर आईसारखीच डावखुरी होतीस की. कावून बदललं?”

वनमालानं डावा तळवा उघडून दाखवला. मधोमध जुना डाग होता. “मावशीनं उलथनं तापवून सवय मोडली. सासरी नाव ठिवतील म्हनायची.”



मुक्ताबाई आता थकून वनमालाच्याच घरी अंथरुणाला खिळली होती. पुस्तकाचं तिच्या कानावर होतं. संध्याकाळी तिला भरवताना वनमालाचा डावा हात पुढे झाला. ती रागावली म्हणावं, तर राग नव्हता. आत सगळं बधिर होतं.

मुक्ताबाईनं तोंड उघडलं नाही. ती त्या हाताकडे बघत राहिली.

“पुस्तकात काय हाय तिचं?”

“कडेच्या पातीला उभी करायचे म्हनून लिवलंय.”

“तितंच चावला तिला. बांधावरनं आला. सासरचं खोटंच सांगितलं तुला. कुनी तुला कडेला उभं करू न्हाई, म्हनून डागलं.”

मग तिनं तोंड उघडलं.

वनमालाला अजूनही रडू आलं नाही. दुसरा घासही तिनं डाव्याच हातानं मोडला. सवय नव्हती, भाकरी वाकडीतिकडी तुटली. मुक्ताबाईनं तो घासही खाल्ला.