डीव्हीडीवरचं कुंकू
परवा कपाट आवरताना जपानी ॲनिमेच्या जुन्या डीव्हीडींचा खोका निघाला. एकीच्या चकचकीत बाजूवर वाळलेलं कुंकू दिसलं आणि ती खंडेनवमी आठवली. हिंजवडीच्या कंपनीनं मला नुकतंच काढलं होतं. घरी सांगितलं नव्हतं. रोज डबा घेऊन निघायचो. आई दरवर्षी माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपची पूजा करायची. "यंदा तो ऑफिसातच राहिला," असं म्हणून मी अंघोळीला गेलो. बाहेर येऊन बघतो तर पाटावर स्कूटरच्या पान्यांशेजारी माझ्या डीव्हीडी उताण्या मांडलेल्या, प्रत्येकीवर ओलं हळदकुंकू. कुठून कुठून मागवून जमवलेल्या, कुणाला हातही लावू देत नसे मी त्यांना. "अगं, खराब होतील ना त्या," मी चिडून म्हणालो. पेपरातून डोकं वर न काढता वडील म्हणाले, "सध्या आपली अवजारं हीच ना?" आईनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग अक्षता टाकत मला म्हणाली, "तुझं काहीतरी हवं ना पाटावर." त्यांना केव्हापासून माहीत होतं, हे मी अजून विचारलेलं नाही. दसरा झाल्यावर तिनं नेहमीसारखा डबा भरून दिला, आणि मी तो घेऊन निघालो.