आतल्या सूर्याचे सर्टिफिकेट

"सर, सनराईज समुद्राकडे घ्या ना," केतन म्हणाला. अलिबागजवळच्या एका रिसॉर्टचा तो मॅनेजर आणि मी तिथला शनिवार-रविवारचा योगशिक्षक. आपल्या किनाऱ्यावर समुद्र पश्चिमेला आहे आणि सकाळी सूर्य मागच्या डोंगरावरून वर येतो, हे मी त्याला शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितले. ही माझी घरगुती अडचण असावी, अशा सहानुभूतीने त्याने ते ऐकून घेतले.

सूर्यनमस्कार ही श्वासाच्या तालावर केलेल्या आसनांची साखळी. सकाळी तो उगवत्या सूर्याकडे तोंड करून घालतात. उरणच्या कंटेनर यार्डातल्या खुर्चीने माझी कंबर घालवली, तेव्हा ज्या गुरुजींनी मला पुन्हा उभे केले, त्यांची एवढी एकच अट होती. पुढे यार्डाची नोकरी सोडून मी स्वतः शिकवू लागलो.

म्हणून पहिल्या वर्गात मी गेस्टना पूर्वेकडे वळवले. पूर्वेला किचन, जनरेटर आणि वाळत घातलेल्या चादरी होत्या. मंडळींनी त्या चादरींना भक्तिभावाने नमस्कार घातले. दुपारपर्यंत रिव्ह्यू आले: योगा छान, व्ह्यू बेकार.

मालकांचा निरोप केतनने आणला. वर्षाचे कॉन्ट्रॅक्ट द्यायचा विचार आहे, पण वर्ग ब्रोशरप्रमाणे दिसला पाहिजे. ब्रोशरमध्ये सूर्य समुद्रातून उगवत होता. हा फोटो कुठला, असे मी विचारले.

"कुठलातरी असेल," केतन म्हणाला. "पण फील आपलाच आहे, सर."

ते कॉन्ट्रॅक्ट मला हवे होते. नोकरी सोडल्यापासून पत्नी मला 'कामाचं काय झालं' असे विचारायची थांबली होती. 'बरं वाटतंय ना' असे विचारू लागली होती.

पुढच्या रविवारी मी सर्वांना समुद्राकडे तोंड करून उभे केले. ठाण्याच्या एक बँक अधिकारी बाई पहिल्या ओळीत होत्या. "सर, ऊन तर पाठीवर येतंय," त्या म्हणाल्या. "सूर्य मागे आहे ना?"

केतन मोबाईलवर शूटिंग करत होता. मी डोळे मिटले. "तो बाहेरचा सूर्य," मी म्हणालो. "आपण आतल्या सूर्याला नमस्कार घालतो आहोत."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. माझा आवाज मुळातच हळू आहे. त्यातून थापही शास्त्रवचनासारखी बाहेर पडते, हे मला त्या सकाळी कळले.

व्हिडिओ फिरला. गेटवर 'आतला सूर्य' असा बोर्ड लागला, शहाळ्यासकट वेगळे पॅकेज निघाले. असा कुठलाही प्रकार योगात नाही, तो माझ्या तोंडून निघून गेला, हे मी केतनकडे कबूल केले.

"सर, तुमचा हाच हंबलनेस गेस्टना आवडतो," तो म्हणाला.

कॉन्ट्रॅक्टच्या बोलणीला मालक स्वतः आले. त्यांनी माझी सर्व सर्टिफिकेटे आदराने चाळली. "आतल्या सूर्याचं दिसत नाही यात?"

"ते कुणाकडेच नसणार. तो शब्द माझा आहे."

"पुण्याच्या एका ट्रेनरकडे आहे," मालक म्हणाले. "लेव्हल टू."

कॉन्ट्रॅक्ट त्या ट्रेनरला मिळाले. व्यवसायात थाप मारायचीच असेल, तर तिचे सर्टिफिकेट आधी काढून ठेवावे, एवढे मी शिकलो. खाडीपलीकडे उरणला नेणाऱ्या करंजा बंदराच्या तरीत बसून घरी परतताना पत्नीला काय सांगायचे याची जुळवाजुळव केली आणि शेवटी जे घडले तेच सांगितले. ती बराच वेळ हसली. मग तिने विचारले, "आता कामाचं काय?" मला बरे वाटले.

आता मी उरणला, जुन्याच यार्डाच्या गेटबाहेर ट्रेलर ड्रायव्हरांचा वर्ग घेतो. पूर्वेला कंटेनरच्या थप्प्या असल्याने सूर्य उशिरा दिसतो. परवा मारुती नावाच्या एका ड्रायव्हरने विचारले, "मास्तर, सूर्य त दिसत न्हाय. नमस्कार कुनाला घालाचा?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होते. फार सुंदर होते. मी ते गिळले.

"थांबू या," मी म्हणालो. "वर येईल."

कुणीतरी चहा सांगितला. सूर्य थप्पीवर आला तेव्हा सगळ्यांच्या हातांत ग्लास होते. नमस्कार उशिरा झाले, पण त्याच्याकडे तोंड करून.