उमाताईंचा दर्यावर्दी

त्या उन्हाळ्यात आमच्या शहरात सगळं होतं, फक्त पाणी नव्हतं. शेंद्र्याकडं कारखाने उभे राहत होते, बायपासला मजल्यांवर मजले चढत होते, नव्या पाइपलाइनसाठी गल्लोगल्ली रस्ते खणून ठेवले होते, आणि नळाला मात्र आठ-आठ दिवस टिपूस नाही. नेमक्या अशा वर्षी उस्मानपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या उमाताईंच्या आयुष्यात समुद्र आला.

उमाताईंनी पन्नाशी ओलांडलेली. औरंगपुऱ्यातल्या चष्म्याच्या दुकानात नोकरी, घरी म्हातारे वडील दत्तोपंत. आई गेली तेव्हा उमाताई लग्नाच्या वयाच्या होत्या. मग वडिलांचं करता करता ते वय कधी निघून गेलं, हे म्हणे कुणाच्या लक्षातच आलं नाही. नातेवाईक अशा बाबतीत फार सोयीचे विसराळू असतात. कुणाकडं कार्य निघालं की मात्र ‘उमा आहे ना’ हे सगळ्यांना बरोबर आठवायचं.

वरद फेसबुकवर भेटला. मालवाहू बोटीवर इंजिनिअर, बायको वारलेली, आणि लहानपण उस्मानपुऱ्यातच गेलेलं. तिसऱ्या दिवशी त्यानं लिहिलं, “तुमच्याशी बोललं की घरी आल्यासारखं वाटतं.” आठवड्याभरात “माझं जे काही आहे ते तूच.” आपल्याकडं आधी पत्रिका, मग कुणा मामाचा फोन, मग पोहे. इथं पोह्यांच्या आधीच संसार मांडून झाला. पण “जेवलीस का” असं रोज विचारणारं माणूस उमाताईंना आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं. त्यांना खरोखर आनंद झाला होता आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तो लाटांचा आवाज पाठवायचा. संध्याकाळी उमाताई गच्चीवर जायच्या, कोरड्या टाक्यांच्या सावलीत बसायच्या आणि फोन कानाला लावायच्या. हवेत सिमेंटची धूळ, भिंती अजून तापलेल्या, आणि कानात लाट येतेय, परततेय, पुन्हा येतेय. हळूहळू गच्ची डुलायला लागायची. दोरीवरच्या चादरी शिडासारख्या फुगायच्या. खालचे हॉर्न, कुकरच्या शिट्ट्या, डोंगराच्या कडेचे पिवळे दिवे मागं मागं राहायचे आणि अख्खा उस्मानपुरा निघायचा खोल पाण्यात. शेजारी कुणीतरी उभं असायचं. त्याला फोटोतला चेहरा नसायचा, कुठलाच चेहरा नसायचा, पण त्याचा खांदा खांद्याला लागायचा. खालून दत्तोपंतांनी औषधासाठी हाक मारली की उमाताई जिना उतरायच्या, तेव्हाही पाय जरा हलतेच पडायचे.

व्हिडिओवर ये म्हटलं की बोटीवर रेंज नसायची. लाटांना मात्र रेंज मिळायची. सकाळचा वरद अघळपघळ बोलायचा, रात्रीचा पुस्तकातल्यासारखा, जणू पाळी बदलल्यावर दुसरा माणूस कामावर आला. “आपलं कुणाला सांगू नकोस, नजर लागते,” हे तर रोजचंच. उमाताईंना यातलं काही खटकत नव्हतं असं नाही. खटकलं की त्या लाटा लावायच्या.

मग बोट परक्या बंदरात अडकली. कागदपत्रांत घोळ झाला, वरदचा पगार गोठला. दंड भरला की तो सुटणार आणि थेट उस्मानपुऱ्यात येऊन दत्तोपंतांकडं मागणी घालणार. “तुझ्याशिवाय मला कोण आहे?” त्यानं लिहिलं.

उमाताईंकडं आईच्या पाटल्या होत्या, लेकीच्या लग्नासाठी म्हणून ठेवलेल्या. त्या मोडायच्या म्हणजे लग्नाची आशाच मोडायची, असं त्यांना आजवर वाटत आलं होतं. आता वाटलं, मोडल्या तरच लग्न होईल. शनिवारी दुकानातून रजा काढून, पाटल्या रुमालात बांधून त्या सराफाकडं निघाल्या.

जिन्यात खालच्या लीलाबाई भेटल्या. “उमाताई, पाणी आलंय. कुठं निघाल्या? आधी मोटार लावा, मग जा कुठं जायचं तिकडं.”

आमच्याकडं पाणी आलं की नवरदेवसुद्धा बोहल्यावरून उठून मोटार लावून येईल. उमाताई वर धावल्या. पिंप, बादल्या, हंडा, शेवटी कुकरसुद्धा. हात ओले, पदर ओला, जीव थंड झाला. तेवढ्यात फोन वाजला. वरदनं विचारलं होतं, “निघालीस का?”

“थोडं थांबा,” त्यांनी ओल्या बोटांनी लिहिलं, “नऊ दिवसांनी पाणी आलंय.”

“पाण्याचं काय एवढं? ते उद्याही येईल. आधी सराफाकडे जा.”

उमाताईंनी ते दोनदा वाचलं. आमच्या शहरातलं माणूस जगाच्या पाठीवर कुठंही जाऊ दे, घरी फोन लावला की खुशालीच्या आधी विचारतं, पाणी आलं का? वरदनं इतक्या महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. व्हिडिओवर कधी न दाखवलेला चेहरा, बदलणारी बोली, ती घाई, ते लपवायला लावणं आणि सगळ्याच्या शेवटी पैसे. एकेक आठवत गेलं. जिनं कधी थेंब सांडू दिला नव्हता, तिची बादली भरून वाहत होती.

“उस्मानपुऱ्यात कुठं राहायचात?” त्यांनी विचारलं. गल्लीचं नाव आलं नाही. आधी रडणं आलं, मग रुसवा, मग तू पाठवलेले फोटो सगळ्यांना दाखवीन अशी धमकी. उमाताईंनी फोन बंद केला.

दत्तोपंत खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. उमाताई त्यांच्या पायाशी बसल्या.

“बाबा, मी एका माणसात गुंतले होते. फोनवरच. तो खोटा निघाला. आज आईच्या पाटल्या विकायला निघाले होते.”

दत्तोपंतांचा स्वभाव तापट. या वयात हे काय, लोक काय म्हणतील, असं काहीतरी ऐकायची उमाताईंनी तयारी केली होती. म्हाताऱ्यानं मात्र एवढंच विचारलं,

“बोलायला चांगला होता का गं?”

“फार.”

“इथं तुझ्याशी बोलतं कोण? मीसुद्धा नुसतं औषध मागतो.”

तेव्हा मात्र उमाताईंना रडू फुटलं. दत्तोपंतांनी ते थांबवलं नाही. ओसरल्यावर म्हणाले, “उद्या पोलिसांत सांगून येऊ. मी येतो बरोबर.” मग त्यांनी खुर्ची तिच्याकडं वळवून घेतली.

“आता सांग मला. काय काय बोलायचात तुम्ही?”