माझा हात लागलेला बोर्ड

"हिचा हात लागला तेव्हापासून बोर्ड बंद पडतोय. यांना सवलतीत डिग्री मिळते, अक्कल नाही मिळत."

मुरबाडच्या कारखान्यात, मालक आणि गिऱ्हाईक समोर बसलेले असताना, माझा सीनियर हे बोलला. दोन हजार सालानंतरची गोष्ट. आम्ही ट्रक तोलणारे इलेक्ट्रॉनिक काटे बनवायचो; काट्यावरचं वजन वाचणारा सर्किट बोर्डही आमचाच. मी खर्डीच्या बौद्ध घरातली, घरातली पहिली इंजिनियर. सगळे माझ्या हातांकडे बघायला लागले. मीही बघितलं. त्या बघण्याची आजही चीड येते.

प्रोग्राम त्याचा होता. सी भाषेतला. काट्याकडून येणाऱ्या संदेशात पहिला बाइट खुणेचा, त्यामागे चार बाइट वजनाचे. हा पठ्ठ्या मेमरीतला मधलाच पत्ता धरून ते चार बाइट एका झटक्यात आकडा म्हणून वाचायचा. पीसीवर खपून जायचं. नव्या बोर्डावरच्या चिपला मात्र असा आकडा चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावरच लागतो, नाहीतर ती तिथंच थांबते. मी त्याला हे आधीच सांगितलं होतं. "माझ्या पीसीवर चालतंय," एवढंच तो म्हणाला होता.

मालक मला म्हणाले, "सॉरी म्हण आणि विषय संपव."

नोकरी गेली असती. घरात दुसरा पगार नव्हता. तरी तोंडातून घरची बोली निघाली, "नाय म्हणणार. ज्याची चूक तो म्हणल. आता हितंच दाखवते."

बोर्ड पुढ्यात ओढला. त्याच्याच प्रोग्रामात वजनाच्या आधी तीन रिकामे बाइट टाकले, म्हणजे वजन चारच्या पत्त्यावर सरकलं. बोर्ड चालला. काढले. बंद. पुन्हा टाकले, पुन्हा काढले. एकदा पुरे होतं, पण मला त्याचं तोंड परत उतरताना बघायचं होतं. मग त्याची ओळ खोडली. वजनाचे बाइट मेमकॉपीने, म्हणजे एकेक बाइट नकलून देणाऱ्या फंक्शनने, वेगळ्या व्हेरिएबलमध्ये उतरवून घेतले आणि तिथून आकडा वाचला. रिकामे बाइट नकोत, काही नको. बोर्डावर चालला, पीसीवरही चालला. माझाच हात लागून चालला.

गिऱ्हाईकाने त्याला विचारलं, "मग हिचं नाव का घेतलंत?" तो पाणी प्यायला उठला.

संध्याकाळी एकटा येऊन म्हणाला, "मनात ठेवू नकोस."

"बोललात चारचौघांत. माफी कोपऱ्यात कशाला मागता तुमी?"

तो गेला.

मी मनात ठेवलंय. नीट जपून ठेवलंय. आज माझ्या हाताखाली माणसं आहेत. कुणी आपली चूक दुसऱ्याच्या जातीवर ढकलली, की मी त्याचाच कोड भर मीटिंगमध्ये पडद्यावर लावते आणि चुकलेली ओळ त्याच्याच तोंडून वाचून घेते. दया करत नाही. करणार नाही.